समुद्राकाठचा निवांतपणा कुणाच्या वाट्याला?

समुद्रकिनाऱ्याचं शांत चित्र पाहिलं की आपण म्हणतो, 'किती निवांत!' मला प्रश्न पडतो, चित्र काढणाऱ्याला हा निवांतपणा मिळाला कुठून? त्या वेळी घर कोण सांभाळत होतं?

बर्थ मोरिसो ही फ्रान्समधली इम्प्रेशनिस्ट चित्रकार. बदलता उजेड रंगात पकडू पाहणाऱ्या या गटाची १८७४ ते १८८६ मध्ये पॅरिसला आठ प्रदर्शनं झाली. त्यांतल्या सातांत ती होती. १८७१ मध्ये तिने शेरबुर्ग बंदराचं जलरंगचित्र केलं. तिथे ती एड्मा या बहिणीकडे गेली होती. एड्माही चित्रकारच. दोघी एकत्र शिकल्या, १८६४ मध्ये दोघींची चित्रं पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागली. १८६९ मध्ये एड्माचं नौदलातल्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि तिचं चित्र काढणं जवळजवळ थांबलं. त्याच वर्षी बर्थने लोरियाँ बंदराचं तेलचित्र काढलं. त्यात एड्मा छत्री घेऊन कठड्यावर बसली आहे. कुंचला धरणारी बाई चित्रातली आकृती झाली!

आणि बर्थ? १८९५ मध्ये ती वारली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर तिचा व्यवसाय 'काही नाही' असा लिहिला गेला.

या बहिणी सधन घरातल्या होत्या, घरात नोकरचाकर होते, हे विसरून चालणार नाही. तरीही एकीचं काम सुटलं, दुसरीचं मोजलं गेलं नाही. मग आपल्या उपनगरांतल्या बायकांचं काय? बोरिवलीहून गोराईचा किनारा किती जवळ! पण लोकल, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यांतून तिथे जायचंच झालं तर कुटुंबाची सहल म्हणून, तीही डबे भरून. मढ-मनोरीच्या कोळणींना समुद्र रोज दिसतो, पण मासळी वाळवताना आणि टोपली उचलताना. किनाऱ्यावर दोन तास नुसती बसलेली एकटी बाई लोकांना खटकते. कुणाची वाट पाहतेय, घरी कुणी नाही का, असे प्रश्न विचारले जातात. पुरुषाला कुणी विचारत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, पाण्याचे, रेशनचे, मारहाणीचे प्रश्न सोडून ही चित्रांची चैन कशाला? मला हे पटत नाही. आठ तासांच्या दिवसासाठी लढणाऱ्या कामगारांनी विश्रांतीही मागितली होती. घरकामाला मात्र सुट्टीच नाही. एड्मावर झालेला अन्याय कुठल्या चौकीत नोंदवता येणार नाही, म्हणूनच तो संघटनेने बोलायला हवा.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने महिन्यातला एक रविवार किनाऱ्यावर घालवावा. भाषण नको, चर्चासत्र नको. कागद आणि स्वस्तातली रंगपेटी न्यावी. ज्यांना नको त्यांनी नुसतं बसावं. त्या दिवशीचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करावा, ही अट आधीच सांगावी. आणि किनाऱ्यांवर स्वच्छ स्वच्छतागृहं आणि दिवे हवेत, ही मागणी वॉर्ड ऑफिसात लेखी द्यावी.