सुरुंग की भूकंप? गावाला आधी कळावे : सूरजागड परिसरातील ग्रामस्थांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, गडचिरोली

विषय : सूरजागड (ता. एटापल्ली) परिसरात भूकंप व इतर आपत्तींची सूचना गावापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था करणेबाबत

महोदय,

4 डिसेंबर 2024 रोजी सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र जमिनीखाली 40 किलोमीटरवर होते. हादरे गोदावरी ओलांडून गडचिरोली-चंद्रपुरात आणि पार नागपुरापर्यंत जाणवले. दिवस धानाच्या मळणीचे होते. माणसे घरात कमी आणि खळ्यावर जास्त असण्याचे.

गोदावरीच्या खोऱ्याचा हा भाग जमिनीतील जुन्या खचदरीवर वसला आहे. याच पट्ट्यात भद्राचलमजवळ एप्रिल 1969 मध्ये 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला होता. म्हणजे 2024 चा धक्का पहिला नव्हता, आणि तो शेवटचा ठरेल असे कोणताही शास्त्रज्ञ सांगणार नाही.

सूरजागडच्या डोंगरावर लोहखाण आहे. खाणीच्या शेजारी भांडी खुळखुळली, कवेलू सरकले, की घरातल्यांना आधी प्रश्न पडतो : सुरुंग की भूकंप? सुरुंग समजून भूकंपात घरात बसून राहणे धोक्याचे, आणि दर हादऱ्याला लेकरे घेऊन बाहेर पळणेही जमणारे नाही. हा संभ्रम दूर करणे प्रशासनाच्या हातात आहे.

मोबाइलवर कर्कश आवाजासह उमटणाऱ्या आपत्कालीन संदेशाची चाचणी केंद्र सरकारने 2023 मध्ये महाराष्ट्रातही घेतली. या संदेशाला इंटरनेट लागत नाही. टॉवरच्या टप्प्यातील सर्व फोनवर तो एकदम जातो. पण जिथे टॉवरच नाही, किंवा वीज गेली की टॉवर मुका होतो, तिथे तो पोहोचणार कसा? पोहोचला तरी माडिया बोलणाऱ्या आजीला त्यातले कितपत कळेल?

भूकंपाचे भाकीत करता येत नाही, हे ग्रामस्थ जाणतात. पण आधी पोहोचणारी लहर सौम्य असते आणि नुकसान करणारी तिच्या मागून येते. मुलुगूपासून सूरजागडपर्यंतच्या अंतरात या दोन लहरींमध्ये काही सेकंदांचा फरक पडतो. जपानमध्ये 2007 पासून, तर उत्तराखंडात आयआयटी रुरकीच्या साहाय्याने 2021 पासून याच फरकाचा उपयोग करून लोकांना सावध केले जाते.

घरांचा प्रश्नही याला जोडलेला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदांखाली. माडियांचे जुने घर लाकडी खांबांचे. बांबूच्या कामट्या विणून त्यावर माती-शेण लिंपलेला कूड हलका असतो, हादऱ्यात लवतो. आता त्याच्या जागी विटा-सिमेंटची घरकुले येत आहेत. त्यांत आडवे काँक्रीटचे पट्टे नसतील, तर नवे पक्के घरच जुन्यापेक्षा जास्त धोक्याचे ठरेल.

म्हणून ग्रामस्थांच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. खाणीतील प्रत्येक सुरुंगाची वेळ आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत लावावी आणि स्फोटापूर्वी गावात ऐकू येईल असा भोंगा वाजवावा.

2. गावांत कंपनमापक बसवून नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. खाण सुरक्षा महासंचालनालयाने घरांसाठी कंपनाच्या वारंवारितेनुसार सेकंदाला 5 ते 15 मिलिमीटर अशी मर्यादा घालून दिली आहे. नोंदी तिच्याशी ताडून दाखवाव्यात.

3. आपत्तीचे संदेश मराठीबरोबर माडियातही ध्वनिमुद्रित करावेत. गोटुल, शाळा व आरोग्य उपकेंद्र येथे सौरऊर्जेवरील ध्वनिक्षेपक बसवावेत. पूर आणि विजेच्या इशाऱ्यांनाही तेच उपयोगी पडतील.

4. हादऱ्यानंतर तासाभरात ‘भूकंप होता’ किंवा ‘भूकंप नव्हता’ एवढी तरी खात्रीची माहिती तहसील कार्यालयाकडून पोलीस पाटील, कोतवाल आणि भूमिया म्हणजे पारंपरिक गावप्रमुखांपर्यंत पोहोचावी. अफवा त्याहून वेगाने पोहोचते.

5. घरकुलाचा हप्ता देण्यापूर्वी जोते व लिंटेल पातळीवरील पट्ट्यांची तपासणी व्हावी, आणि गवंड्यांना त्याचे प्रशिक्षण गावातच मिळावे.

6. गोदावरी पट्ट्यातील सीमावर्ती जिल्ह्यांसाठी पूर्वसूचना यंत्रणेचा प्रस्ताव तेलंगणा शासनाच्या समन्वयाने राज्य शासनाकडे पाठवावा.

7. जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला आसपासच्या गावांतील लोक सूरजागडला जमतात. गावप्रमुखांच्या संमतीने तिथे माडियातून भूकंप-सरावाचे प्रात्यक्षिक दाखवावे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्ह्याचा आराखडा तयार करणे आणि तो अमलात आणणे ही प्राधिकरणाची जबाबदारी आहे. वरील मागण्यांचा त्या आराखड्यात समावेश करून झालेल्या कार्यवाहीची माहिती ग्रामसभेला लेखी कळवावी, ही विनंती.

सूरजागड परिसरातील ग्रामस्थ
ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

प्रत माहितीसाठी : तहसीलदार, एटापल्ली, गटविकास अधिकारी, पंचायत समिती, एटापल्ली