तोळ्याच्या शहाण्णव गुंजा

परवा नात हस्तकलेच्या प्रदर्शनातून गळ्यात माळ घालून आली. लालभडक मणी, टोकाला काळा ठिपका. "आजोबा, छान आहे ना?" माझ्या पोटात गोळा आला. त्या गुंजा होत्या, आणि ओवण्यासाठी प्रत्येकीला भोक पाडलेलं होतं.

गुंजेची नि माझी ओळख जुनी. ऐंशीच्या दशकात कोकणातल्या एका शाखेत सोनेतारणाचं काम माझ्याकडे होतं. दागिने पारखायला येणारे म्हातारे सराफ वजन लिहीत ग्रॅममध्येच. मेट्रिक वजनं १९५८ पासूनच येऊ लागली होती. पण पुटपुटत मात्र गुंजा-माशांत. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. म्हणजे गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची. त्यांच्या डबीत पाच-सहा गुंजा असायच्या. एकदा मी सहज एक दाताखाली धरायला गेलो, तर त्यांनी हातच धरला. "साहेब, ही तोलायची. चावायची नाही."

गंमत अशी, की याच वेलीचा पाला गोडसर. तो विड्यात घालतात, बसलेल्या घशासाठी चघळतात. बी मात्र वैद्यही शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. तिच्यातलं अ‍ॅब्रिन पेशींचं प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं, आणि त्यावर उतारा नाही. इंग्रजांच्या काळात चामड्यासाठी जनावरं मारायला वाटलेल्या गुंजेच्या सुया करीत. अखंड गुंज गिळली गेली, तर कठीण कवचामुळे पुष्कळदा तशीच बाहेर पडते. भोक पडलं, की तो पहारा उठला. ब्रिटनमध्ये २०११ साली पेरूहून आलेली अशीच कंकणं परत मागवावी लागली होती.

शेजारी म्हणाले, कुंपणावरची वेलच उपटून टाका. का म्हणून? वेल बिचारी कुणाच्या गळ्यात पडायला येत नाही. दोष आपला. सराफाला ठाऊक होतं ते प्रदर्शनवाल्याला ठाऊक नाही, आणि विकत घेणाऱ्या आईबापांनाही नाही. भोक पाडलेल्या गुंजा मुलांच्या दागिन्यांत विकूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मुलाने चावलीच, तर उलट्या-जुलाबांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. लक्षणं काही तासांनी दिसतात, कधी त्याहूनही उशिरा.

माळ काढून घेतली तेव्हा नात खूप रडली. मग मी तिला वेल दाखवली, सराफांची गोष्ट सांगितली. डोळे पुसत म्हणाली, "मग ही माळ तोळाभर आहे का?" मी एकेक मोजली. ८४ भरल्या. साडेदहा मासे.