हौदाची तोटी सोडा, शिवार घ्या



एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते. हौद किती तासांत भरेल? हे गणित आपण घोकलं, आपली पोरंही घोकतात. ज्या गावात उन्हाळ्यात हौदच कोरडा, तिथल्या पोराला त्या तोट्यांचं काय सोयरसुतक? आमचं म्हणणं एवढंच, हौदाऐवजी शिवार घ्या.

एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. सरळ बाजूंचा डबा आणि फूटपट्टी एवढ्यावर पाचवीतलं पोर हे मोजेल. आठवीतल्यानं पुढं जावं. जमिनीला बँकेचं खातं मानावं. मुरलेला पाऊस ही जमा, पिकानं घेतलेलं पाणी हा खर्च. खोल काळ्या रानात पिकाच्या कामी येणारी ओल 100 मिलिमीटर आणि भरातल्या कपाशीचा खर्च दिवसाला 5 मिलिमीटर धरा. पावसानं खंड दिला तर खातं 20 दिवसांत रिकामं. मुरमाड रानात ओल 40 धरली तर 8 दिवसांत.

मग वही मिटून पोरानं रानात जावं. ओल कमी होऊ लागली की पीक पाणी कमी ओढतं, पानं आधीच माना टाकतात. हिशेब जुळला नाही? मग धरलेलं काय चुकलं ते शोधावं, पुन्हा मांडावं. विद्यापीठात यालाच गणिती प्रतिमान म्हणतात. गुणोत्तर, आलेख, समीकरण सगळं यात आलं. परीक्षेचं काही बुडत नाही.

हा पोरखेळ नव्हे. दुष्काळाचा निर्णय तालुक्याच्या, मंडळाच्या आकड्यांवर होतो. तिकडे पाऊस नोंदला जातो, इकडे आपल्या रानात धूळ उडते. आपल्याजवळ नोंद नसते म्हणून आपण नुसती गाऱ्हाणी मांडतो. ज्याच्या हाती हिशेब, त्याच्या हाती निर्णय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे ओळखलं. तिथं पडलेला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद गावापुढं मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरतं.

म्हणून जिल्हा बैठकीत आमची सूचना आहे. येत्या जूनपासून प्रत्येक गावच्या शाळेत पर्जन्यमापक बसवा. पोरांनी रोज नोंद करावी, फळ्यावर हिशेब मांडावा, आणि दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. पुढं तलाठी, कृषी सहायक दारात आले तर हात जोडण्याआधी ती वही त्यांच्यापुढं ठेवा.