मुली कमी का पडल्या? उत्तर 2011 च्या जनगणनेतच होतं

श्रीरामपूर : तुळशीचं लग्न उरकलं की तालुक्यात बायोडाटे फिरू लागतात. बेलापूर, टाकळीभान, उक्कलगाव, कुठंही पारावर बसा, विषय एकच. शेती आहे, ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, पण पोराला मुलगी मिळेना. दोष जातो मुलींच्या अपेक्षांवर. नोकरीवालाच पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे. त्यात तथ्य नाही असं नाही. पण मुळात मुली आहेत किती, हे आधी बघू.

2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे 884 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 852 वर आल्या. राज्याचा आकडा तेव्हा 894 होता, म्हणजे आपण राज्याच्याही मागे. निसर्गातच मुलगे थोडे जास्त जन्मतात, हजारामागे मुली साधारण साडेनऊशे. तरीही आपल्याकडे हजारामागे शंभरेक मुली कमी. सोनोग्राफीत लिंग सांगण्यावर महाराष्ट्रात 1988 पासून कायदा आहे. कायदा होता, आणि आकडा घसरतच गेला.

आता वयाचा हिशोब करा. 2001 मध्ये मोजलेली पोरं 1 मार्च 2027 ला 26 ते 32 वर्षांची असतील. आज ज्यांचं जमत नाही, ती हीच. 852 च्या आकड्यातली पोरं तेव्हा 16 ते 22 ची असतील. त्यांच्यासाठी स्थळं बघणं अजून सुरूच व्हायचंय. थोडक्यात, खरी टंचाई पुढं आहे.

यात दुसरी गोष्ट मिसळली आहे. राज्यात 1992-93 मध्ये एका बाईला सरासरी 2.9 मुलं होत होती, 2019-21 च्या पाहणीत 1.7. आई-बापाची जागा भरून निघायला 2.1 लागतात. जन्म असे कमी होत गेले की मागून येणारी प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा छोटी. आपल्याकडे नवरी चार-पाच वर्षांनी लहान बघतात, म्हणजे मोठ्या पिढीतला नवरदेव छोट्या पिढीत मुलगी शोधतो. टंचाईत भर पडते ती इथं.

मग लोकसंख्या वाढते कशी? जिल्हा 2001 मध्ये 40.40 लाख होता, 2011 मध्ये 45.43 लाख. कारण मोठ्या कुटुंबांत जन्मलेली पोरं नंतर आई-बाप झाली. घरात लेकरं दोनच, पण घरं जास्त. वेग मात्र उतरला. त्याआधीच्या दहा वर्षांत वाढ 19.8 टक्के होती, या दहा वर्षांत 12.4.

घरं लहान झाली, मुलाची हौस तेवढीच राहिली. पूर्वी चार-पाच लेकरांत एखादा मुलगा व्हायचाच. दोनातच थांबायचं म्हटल्यावर काहींनी मुलगी टाळली. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत निवडणुकीला अपात्र, हा नियमही आपल्याकडे आहे. आंध्र प्रदेशाने तसला नियम नोव्हेंबर 2024 मध्ये रद्द केला. कारण तिथं आता जन्म कमी होण्याची काळजी लागली आहे.

मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, असं काहीजण म्हणतात. गावात दिसतं वेगळंच. दहावी-बारावीतल्या मुलीच्या मागे स्थळं लागतात आणि अठरा पूर्ण होण्याआधी उरकायची घाई होते. तसं दिसलं तर 1098 वर फोन करता येतो. सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये घोड्यावर बसून नवरदेवांचा मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला. लोक हसले, पण मागणी लिंगनिदानाचा कायदा नीट राबवा अशीच होती.

आणि लग्न जुळवणाऱ्या एजंटांचा धंदा चालतो तो याच टंचाईवर. दोन-तीन लाख देऊन परजिल्ह्यातून, परराज्यातून मुलगी आणायची आणि आठवड्यात ती दागिन्यांसह गायब, अशा बातम्या आपणच वाचतो. एजंटाला रोख देण्याआधी मुलीच्या गावी जाऊन घर बघा, आधार कार्ड आणि वयाचा दाखला मागा, तिच्याशी स्वतः बोलून तिची मर्जी विचारा आणि लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करून घ्या.