डिजिटल रेडिओ घ्यावा का?

बालमित्रांनो, वसमतच्या सातवीतल्या एका मित्राचा प्रश्न आज आपण घेऊ या. त्याच्या घरी आजोबांचा जुना रेडिओ आहे. तो आता फार खरखरतो. मुंबईचा मामा म्हणतो, "डिजिटल रेडिओ घ्या, आवाज कसा स्वच्छ येतो बघा!" बाबा म्हणतात, "एवढे हजार रुपये घालायचे, पण आपल्या गावात तो चालेल का?" मित्र विचारतो, दोघांपैकी बरोबर कोण?

उत्तर सांगण्याआधी ही खरखर येते कुठून ते पाहू.

आकाशवाणी परभणीचा १३०५ हा आकडा आपल्याकडच्या कितीतरी आजोबांना पाठ आहे. १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १३ लाख ५ हजार लहरी. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. आता करा बरं भागाकार! एका लहरीची लांबी जवळजवळ २३० मीटर येते. या झाल्या मध्यम लहरी. जमिनीला धरून त्या दूरवर जातात. एफएमच्या लहरी मात्र जेमतेम ३ मीटरच्या. त्यांचा आवाज गोड, पण त्या सरळ रेषेत जातात. टेकडी आड आली किंवा अंतर वाढलं की त्या दुबळ्या होतात.

मध्यम लहरींवर आवाज पाठवताना लहरीची उंची कमी-जास्त करतात. वीज चमकली, मोटारीच्या स्विचमध्ये ठिणगी उडाली, घरात एखादा स्वस्तातला एलईडी दिवा लागला, की त्यांच्याही लहरी निघतात आणि मूळ लहरीत मिसळतात. बिचाऱ्या रेडिओला खरं काय आणि भेसळ काय ते कळत नाही. तो सगळंच ऐकवतो. हीच ती खरखर!

आता डिजिटलची युक्ती बघा. समजा, तुम्ही हळदीच्या शेताच्या या टोकाला आहात आणि बाबा त्या टोकाला, विहिरीवर. "मोटार बंद करा" असं तुम्ही ओरडलात. वारा असेल तर त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू जाणार. पण रात्रीच्या वेळी आधीच ठरवून ठेवलं की बॅटरी एकदा चमकली तर मोटार चालू, दोनदा चमकली तर बंद, तर? उजेड थोडा अंधुक असला तरी निरोप बिनचूक पोचतो. डिजिटल रेडिओ हेच करतो. आवाजाचे आकडे करायचे, आकड्यांचे ० आणि १ करायचे आणि ते लहरींवर बसवून पाठवायचे. सोबत थोडे जादा आकडेही पाठवतात. वाटेत काही हरवलेच, तर त्या जादा आकड्यांवरून हरवलेले शोधून काढता येतात. म्हणून खरखर नाही!

पण दाट धुकं पडलं आणि बॅटरीच दिसेनाशी झाली, तर निरोप अर्धा नाही, मुळीच मिळत नाही. साधा रेडिओ दूर गेला की हळूहळू खरखरत जातो, पण कान देऊन बातम्या तरी कळतात. डिजिटल रेडिओ मात्र शेवटपर्यंत छान वाजतो आणि मग एकदम गप्प होतो. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भारतात मध्यम लहरींसाठी आकाशवाणीने जी डिजिटल पद्धत निवडली, तिचं नाव डीआरएम. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीजवळच्या खामपूरहून लघुलहरींवर तिचं नियमित प्रसारण सुरू झालं. नंतर मध्यम लहरींचे ३५ डिजिटल प्रक्षेपक देशभर बसवले गेले. या पद्धतीत जुन्या एका केंद्राच्या जागेत तीन कार्यक्रम मावू शकतात, शिवाय पडद्यावर अक्षरांत बातम्याही येतात. प्रक्षेपकाला वीजही कमी लागते. संकटाची सूचना द्यायची झाली, तर संच स्वतःहून त्या सूचनेकडे वळेल, अशीही सोय तिच्यात आहे. काही नव्या मोटारगाड्यांत डीआरएम रेडिओ कारखान्यातूनच बसवून येतो.

म्हणजे मामाचं बरोबर? थांबा, घाई नको!

त्या ३५ प्रक्षेपकांत मुंबई, पुणे, हैदराबाद होतं, परभणी नव्हतं. हिंगोलीपासून सरळ रेषेत हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास, तर पुणं साडेतीनशेच्याही पुढे. दिवसा इतक्या लांबचं प्रसारण पकडणं कठीण. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या वरच्या थरांवरून परत फिरतात आणि दूरदूरची केंद्रं लागतात खरी, पण त्या सारख्या कमी-जास्त होत राहतात. साधा रेडिओ अशा वेळी कण्हतकुंथत का होईना, वाजतो. डिजिटल रेडिओ काय करेल? तोच, जो धुक्यातल्या बॅटरीचं पाहून बाबा करतील. काहीच नाही!

आणखी एक गोष्ट. लंडनच्या काकांनी "आमच्याकडचा उत्तम डिजिटल रेडिओ" पाठवला, तर तो इथे चालेल का? ब्रिटनमध्ये १९९५ पासून डॅब नावाची वेगळी पद्धत आहे. नॉर्वेने तर २०१७ साली याच पद्धतीच्या भरवशावर देशव्यापी केंद्रांचं एफएम बंद केलं. पण भारतात डॅबचं नियमित प्रसारण नाही. तेव्हा काकांच्या रेडिओत एफएम असेल तर तेवढंच लागेल. 'डिजिटल' हा शब्द एकच, पण भाषा निराळ्या!

आपल्याकडच्या खाजगी एफएम केंद्रांचं अजून ठरायचंच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेने शिफारस केली, की सगळ्यांसाठी एकच डिजिटल पद्धत निवडावी आणि सुरुवात १३ मोठ्या शहरांतून करावी. त्या यादीत पुणे, नागपूर, हैदराबाद आहे. हिंगोली नाही.

घाई केली तर काय होतं, याचं उदाहरण फार जुनं नाही. वर्ल्डस्पेस नावाच्या कंपनीने २००० साली एक उपग्रह सोडला. त्यावरून थेट घरात डिजिटल रेडिओ ऐकू येई. त्यासाठी खास संच घ्यावा लागे, वर्गणी भरावी लागे. आवाज सुरेख होता. भारतात तिचे पुष्कळ वर्गणीदार झाले. मग कंपनी कर्जात बुडाली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी इथली सेवा बंद पडली. संच चांगले होते, एकही बिघडला नव्हता; पण दुसऱ्या दिवसापासून ते मुके झाले! रेडिओ म्हणजे नुसती आपल्या घरातली पेटी नव्हे. तो अर्धा आपल्या घरात असतो आणि अर्धा प्रक्षेपकाजवळ. दुकानात मिळतो तो अर्धाच.

तुम्ही म्हणाल, मोबाइल असताना रेडिओ हवाच कशाला? २१ मार्च २०२४ ची पहाट आठवा. सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणीत जमीन हादरली. ४.५ तीव्रतेचा भूकंप होता तो. अशा वेळी सगळे एकदम फोन लावतात आणि टॉवरवर ताण येतो. वीज गेली तर टॉवरच बंद पडू शकतो. रेडिओचं तसं नाही. एकाने ऐकलं काय किंवा एक लाखाने ऐकलं काय, लहरी कमी पडत नाहीत. दोन सेल टाकले की बातमी घरात. म्हणून आजोबांच्या खरखरत्या पेटीला हसू नका!

तर मित्रा, सध्या तुझ्या बाबांचं म्हणणं बरोबर. मामाचंही चूक नाही, पण त्याचं म्हणणं मुंबईत बरोबर आहे. तंत्र चांगलंच आहे. फक्त त्याचा दुसरा अर्धा भाग अजून तुझ्या गावाजवळ आलेला नाही.

आई-बाबांनो, तरीही घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. जवळचा डिजिटल प्रक्षेपक कुठे आहे आणि तो आज चालू आहे का? संच डीआरएम पद्धतीचा आहे का, आणि त्यात मध्यम लहरी व एफएम दोन्ही आहेत का? आपल्या घरी लावून पाहता येईल का, आणि लागला नाही तर परत घेतील का? एकाचं जरी उत्तर 'नाही' आलं, तर थांबलेलं बरं. तोवर सेलवर चालणारा साधा रेडिओ पुरे.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम! घरातला रेडिओ मध्यम लहरींवर लावा. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला कोणकोणती केंद्रं लागतात ते वहीत लिहा. मग रेडिओ हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला आवाज वाढेल, एका दिशेला कमी होईल. शेवटी एकेक दिवा बंद करून बघा, घरातला खरखर करणारा चोर सापडतो का! आठवडाभराचा असा तक्ता झाला, की तुमच्या गावात कोणता रेडिओ घ्यावा हे तुम्हीच दुकानदाराला सांगाल.