तांदळाच्या डब्यातला पंप

गेल्या भाऊबीजेला आमच्या घरी सतरा माणसे जमली होती. चुलीपुढे मिरच्यांचा खाट उठलेला, ओसरीवर धाकटी मंडळी नागगोळ्या पेटवीत होती. तो काळा धूर ज्याच्या छातीत गेला असेल त्यालाच त्याची महती ठाऊक! मी ओढणी नाकाशी धरली, पण व्हायचे ते झालेच. श्वास आत जाई, बाहेर निघेना. खुणेनेच पंप मागितला. फडताळात पंप नव्हता. आईने तो तांदळाच्या डब्यात दडवला होता. कारण आत्याबाईंबरोबर त्यांच्या जाऊबाई आल्या होत्या, आणि त्यांच्या मनात माझ्यासाठी एक स्थळ होते.

पंप मिळाला, दम बसला. जाऊबाईंना जे कळायचे ते मात्र कळले.

आईला मी दोष देत नाही. तिला सही येते, पण औषधाच्या खोक्यातला कागद वाचता येत नाही. आमच्या घराण्यात तो वाचणारी मीच पहिली. 'पंप म्हणजे शेवटचे औषध, एकदा लागला की सुटत नाही,' हे तिला आळीने शिकवले. कागद निराळेच सांगतो. एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅम असते. त्याच औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची मिळते. म्हणजे दोन फवाऱ्यांच्या वीसपट! गोळी पोटातून रक्तात जाते, हात थरथरतात. फवारा थेट श्वासनलिकेत उतरतो. तरीही गोळी चारचौघांत घेता येते आणि पंप घ्यायला मोरीत जावे लागते. हे कुठले शास्त्र?

चूक माझीही होती, ती लपवीत नाही. आतली सूज कमी ठेवणारा स्टेरॉइडचा दुसरा पंप रोज घ्यायचा असतो. नवरात्रात बरे वाटले म्हणून मी तो सोडला. शिवाय दिवाळीआधी माळा झाडायला, जळमटे काढायला घरातली मुलगीच चढते, मीही चढले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. आमच्या आळीत ते आठ सकाळचे समजतात की काय, कोण जाणे!

एका कोजागिरीला अण्णा मला दम्याच्या औषधासाठी घेऊन गेले होते. ते खिरीतून देतात, रात्रभर जागायचे असते. थंडीत केवढी रांग! मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. तिथे कोणीच दमा लपवीत नव्हते. माझ्याएवढ्या मुली, नव्या सुना, म्हाताऱ्या, साऱ्याजणी मोकळेपणाने एकमेकींना विचारीत होत्या, 'तुला कधीपासून?' उजाडल्यावर आम्ही घरी परतलो. दमाही आमच्याबरोबर परतला. खिरीवर माझा विश्वास उरला नाही, पण ती रांग विसरता येत नाही. वर्षातली एकच रात्र का?

माझ्या मैत्रिणींनो, चष्मा लावलेल्या मुलीला आज कोणी तो काढून दाखवायला बसवीत नाही. मग पंपानेच काय घोडे मारले? लपवून ठरलेले लग्न सासरच्या पहिल्या फोडणीतच उघडे पडणार. त्यापेक्षा ज्यांना चालत नसेल त्यांनी पोहे खाऊन उठावे. मला हे लिहिणे सोपे आहे, आईला तसे वागणे अवघड, हे मला समजते. बोलणी तिलाच खावी लागतात.

आता चैत्रात यात्रा येईल. 2021 च्या डिसेंबरात न्यायालयाने परवानगी दिल्यापासून बैलगाडे पुन्हा पळू लागले आहेत. घाटात धूळ, देवळात भंडारा आणि घरभर पाहुणे. मी घाटात जाणार नाही, गच्चीवरूनच ऐकेन. रोजचा पंप मी पुन्हा सुरू केला आहे.

आत्याबाई येणार आहेत, जाऊबाईही येतील म्हणे. पंप सध्या फडताळात, साखरेच्या डब्याशेजारी उभा आहे. आई जातायेता त्याच्याकडे बघते. अजून तरी तिने तो हलवलेला नाही.