हे बिल नाही!

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२३ मध्ये मी न्यू जर्सीला तीन महिने राहून आले. परत आल्यावर गल्लीतल्या बायका विचारायच्या, ‘‘काय काय पाहिलंत?’’ मी नायगारा सांगायची. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, मनात राहिला तो लेकीच्या ओट्याशेजारचा बुटांचा रिकामा खोका. त्यात दवाखान्याचे कागद साठत होते.

नातू आठ-दहा दिवसांचा झाला आणि पाकिटं यायला लागली. पहिल्याच कागदावर हजारो डॉलरचा आकडा. माझे हातपायच गळाले. लेक म्हणाली, ‘‘आई, खाली वाच.’’ खाली छापलं होतं, ‘हे बिल नाही.’ म्हणजे विमा कंपनीने नुसता हिशेब कळवला होता. खरी बिलं नंतर आली, तीही सुटी सुटी. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, भूल देणाऱ्याचं वेगळं, बाळ तपासणाऱ्यांचं वेगळं.

‘‘अगं, तुझा विमा आहे ना?’’ मी विचारलं. मग तिने वही घेऊन समजावलं. दर महिन्याला पगारातून हप्ता कापला जातो. तरी वर्षातली पहिली ठरावीक रक्कम आपणच भरायची, तिला डिडक्टिबल म्हणतात. ती भरून झाली की पुढच्या खर्चातही काही टक्के वाटा आपला, वर्षाची कमाल मर्यादा गाठेपर्यंत. शिवाय डॉक्टर कंपनीच्या यादीतला हवा. काही उपचारांना आधी परवानगी हवी. बाळाचं नाव तीस दिवसांत विम्यात घालायचं. तिने ते घातलं होतं, तरी एक बिल ‘बाळाचं नाव नाही’ म्हणून नाकारलं गेलं. ओली बाळंतीण पोर, मांडीवर बाळ, कानाशी फोन आणि पलीकडे नुसतं वाजणारं संगीत! तीन आठवडे खेपा घातल्यासारखे फोन केले, तेव्हा ते बिल मिटलं.

एवढ्या श्रीमंत देशात असं का? याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. कामगार टिकवायला मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. तीच रीत पडली. १९६५ मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. मधल्यांचा विमा मात्र नोकरीलाच बांधलेला राहिला.

नोकरी गेली की विमाही जातो. जुनाच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण तेव्हा मालकाचा वाटाही आपणच भरायचा. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी पंचवीस हजार डॉलरच्या वर होता. म्हणजे महिन्याला दोन हजारांहून जास्त, आणि तोही पगार थांबल्यावर! आपल्या एच-वन-बी व्हिसावरच्या मुलांचं तर आणखी कठीण. त्यांना नवी नोकरी शोधायला साधारण साठच दिवस मिळतात.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. ओबामांच्या २०१० च्या कायद्यामुळे २०१४ पासून जुन्या आजाराचं कारण देऊन विमा नाकारता येत नाही. त्याआधी स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्या बायकांना अनेक ठिकाणी पुरुषांपेक्षा जास्त हप्ता पडे, आणि बाळंतपण बऱ्याचदा विम्यात धरलेलंच नसे. तेही बदललं. अत्यवस्थ माणसाला पैशांअभावी हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवायचं नाही, हा नियम तर १९८६ पासून आहे. उपचार होतात, बिल मागाहून येतं.

लेकीच्या शेजारी पन्नाशीची एक अमेरिकन बाई राहते. दोन दुकानांत अर्धवेळ काम करते, म्हणून मालकाचा विमा नाही. सरकारी मदतीच्या जोरावर तिने बाजारातला विमा घेतला होता. २०२१ मध्ये वाढवलेली ही मदत २०२५ अखेर संपली. तिच्यावरून त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस अमेरिकेचं सरकारी कामकाज ठप्प होतं, तरी मुदत वाढली नाही. लेक परवा फोनवर सांगत होती, त्या बाईने हप्ता झेपेना म्हणून स्वस्तातला विमा घेतला. त्याचं डिडक्टिबल मोठं आहे. आता कार्ड पर्समध्ये आहे, पण गुडघा दाखवायला ती जात नाही. विमा असलेल्यांत अशी किती माणसं असतील! विमाच नसलेले अडीच कोटींहून जास्त आहेत, ते वेगळेच.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी मुलांकडे जाणार असाल तर प्रवासी विमा घ्या आणि त्यात काय धरलेलं नाही, ते आधी वाचा. जुनं दुखणं, मधुमेह, रक्तदाब बहुधा त्यात नसतात. आपली औषधं चिठ्ठीसह सोबत न्या. आणि तिकडून लेक किंवा सून ‘‘सगळं ठीक आहे गं’’ म्हणाली, तरी एकदा विचारा, ‘‘विम्याचं कसं चाललंय?’’ माझी लेक कधीच आपणहून बोलली नसती. तो खोका दिसला, म्हणून मला कळलं.